नाव खोडल्यावर जो उरतो

मेरुएर्तचं नाव माझ्यासमोर काढू नका, असं मी बाजारात सगळ्यांना बजावून ठेवलंय. तरी काढतात. माझं पडदे शिवायचं दुकान. माप घेऊन आलेली बाई, मी कात्री चालवत असताना, हमखास विचारते, "ती लेखिका तुमच्या मैत्रिणींतली ना हो?" मी म्हणते, होती. आणि मग हात थांबवून तोरगीनबद्दल सांगत बसते, कारण तिच्याबद्दल आजवर एकीनेही विचारलेलं नाही.

तोरगीन पाण्याच्या खात्यात तक्रारीच्या फोनवर बसते. बावीस वर्षं झाली. पाईप फुटला, गटार तुंबलं, चौथ्या मजल्यावरून पाणी गळतंय, उणे तीस आणि नळाला गरम पाणी नाही. आमच्या कारागांदा शहरातल्या निम्म्या शिव्या तिच्या कानातून गेल्यात. नवरा होता, तो राजधानीत, अस्तानाला, कामाला गेला आणि तिथेच त्याने दुसरा संसार थाटला. घरात ती आणि तिची आई. आईला आम्ही सगळ्याच आपा म्हणतो.

फोन करणारे नाव सांगत नाहीत, सरळ ओरडायला लागतात. तोरगीनला गरजच नसते नावाची. एक म्हातारा आहे, तो आधी पाच मिनिटं खालच्या मजल्यावरच्या बाईची काळजी करतो, तिचं छत भिजेल म्हणून, आणि शेवटी सांगतो की त्याच्या स्वतःच्या घरात घोटाभर पाणी साचलंय. एक बाई आहे, ती तक्रार करताना मधेच माफी मागते आणि माफी मागितल्याचा राग येऊन दुप्पट ओरडते. "माणूस नावाने फोन करत नाही गं बाग्दात," तोरगीन मला म्हणायची, "स्वभावाने करतो." हे तिचं शिक्षण. बाकी ती शिकली बेताचीच.

आता आमचं वेड सांगते, हसायचं तर हसा. आम्ही शाळेत होतो तेव्हा टीव्हीवर एक परदेशी मालिका लागायची, 'राखेचं गलबत'. सगळ्या पात्रांचे रशियन संवाद एकच माणूस म्हणायचा, बायकांचे, पोरांचे, खलाशांचे, सगळ्यांचे, आणि त्याला कायम पडसं झालेलं. आवाजावरून कोण बोलतंय ते कळायचं नाही. काय बोलतोय त्यावरून ओळखायचं. त्या गलबतावर एक डॉक्टर होता, हाल्विन. मोठा कोट, भुवईवर व्रण, जेवायची वेळ झाली की म्हणायचा, "मी जेवून आलोय," आणि आपला वाडगा दुसऱ्याकडे सरकवायचा. एकोणीस भाग झाले आणि ते चॅनेल बंद पडलं. शेवटच्या भागात हाल्विन शिडीवरून गलबताच्या तळाशी उतरतो. तो वर आला की नाही, हे आम्हाला कधी कळलं नाही.

तर आम्ही त्याला वर आणत होतो. इंटरनेटवर एक जागा आहे, तिथे हजारो बाया-पोरी हेच करतात: दुसऱ्या कुणाचा माणूस उचलायचा आणि आपल्या गोष्टीत नांदवायचा. गलबतावरच ठेवला पाहिजे असं नाही. कुणी त्याला शाळेत मास्तर करतं, कुणी आगगाडीच्या डब्यातला परिचारक, कुणी शंभर वर्षं मागे नेऊन उंटांच्या तांड्यात घालतं. अकरा वर्षांपूर्वी तोरगीनने तिथे लिहिलं, "कारागांदात कुणी आहे का?" पहिल्या शनिवारी तिच्या स्वयंपाकघरात सात जणी जमलो. टिकलो तिघी. ती, मी आणि मेरुएर्त.

मेरुएर्त तेव्हा बावीस वर्षांची, अध्यापन महाविद्यालयात शिकणारी, काडी. मालिका तिने इंटरनेटवरच पाहिलेली. अंगावर अस्तर नसलेला कोट. तोरगीनने पहिल्याच दिवशी तो कोट काढून माझ्या मांडीवर टाकला, "याला अस्तर लाव." लावलं मी. आपाने तिच्यापुढे बाउरसाकचं ताट ठेवलं, आणि त्या पोरीने ते गरम तळलेले गोळे एकामागून एक असे संपवले की आपाला फार आनंद झाला. त्या घरात खाणाऱ्याला मान होता.

तोरगीन स्वतः लिहीत नसे. तिचं काम काळ्या पेनाचं. आम्ही गोष्ट छापून न्यायची, ती जाड काळं पेन घेऊन बसायची आणि आधी सगळी नावं खोडायची. मग मोठ्याने वाचायची.

माझी पहिली गोष्ट आठवते. मी हाल्विनला आमच्या बाजारात घड्याळदुरुस्तीच्या टपरीवर बसवला होता. कोट दिला, व्रण दिला, वाडगा सरकवायला लावला. मला वाटलं, झालं काम. तोरगीनने नाव खोडलं. कोट खोडला. व्रण खोडला. "आता कोण उरला?"

"हाल्विनच की," मी म्हणाले.

"हा? हा माझा दीर आहे. गिऱ्हाईक रडतंय आणि हा स्वतःची तत्त्वं ऐकवतोय. हाल्विन रडणाऱ्या माणसापुढे कधी तीन शब्दांवर बोललाय?"

मला असा राग आला! "एवढं कळतं तर लिही ना स्वतः!" म्हणून मी पेन तिच्यापुढे आपटलं. ती हसली. "मला लिहिता येत नाही. मला फक्त चुकीचा नंबर लागलाय हे कळतं." तीन आठवडे मी फिरकले नाही. मग गेले, आणि त्या टपरीवाल्याचं सगळं बोलणं काढून टाकलं. तेव्हा कुठे तो हाल्विन झाला.

मेरुएर्तला मात्र लिहिता यायचं. हे मी आजही नाकारत नाही. जळते, चिडते, पण नाकारत नाही. तिने हाल्विनला एका आउलात, स्तेपच्या गवताळ माळावरच्या छोट्या गावात, गुरांचा डॉक्टर केला होता. थंडीचे दिवस, घोडी आजारी, विधवेचं घर, घरात पीठ संपत आलेलं. घोडी बरी होते, विधवा जेवणाचं दस्तरखान अंथरते, नान ठेवते. आणि हाल्विन म्हणतो, "मी जेवून आलोय," आणि टोपी घालून निघतो.

तोरगीनने कागद खाली ठेवला. "हा कोण? जनगणनेचा कारकून?"

"ताते, हे तर त्याचंच वाक्य आहे!" मेरुएर्त म्हणाली. तोरगीनला ती ताते म्हणायची, म्हणजे ताई. "अगदी मालिकेतलं. जसंच्या तसं."

"म्हणूनच तो गेला. अगं जानिम, माझ्या जिवा, आउलात मांडलेल्या नानला तोंड न लावता कोण उठतं? घोड्यावर बसलेला माणूससुद्धा खाली वाकून तुकडा तोडतो. न खाता गेला म्हणजे त्या बाईच्या घराला थुंकून गेला. हाल्विन कुणाचा अपमान करेल?"

"मग खाऊ दे त्याला."

"ते तर आणखी वाईट. उपाशी घरातला घास तो गिळेल?"

इथे आम्ही अडकलो. तीन शनिवार त्या नानपुढे हाल्विन बसून राहिला. मेरुएर्त वैतागून म्हणाली, दस्तरखानच काढून टाकते. तोरगीन ऐकेना. ती म्हणत होती ते मला तेव्हा कळलं नाही, नंतर कळलं, आणि या सगळ्या वेडातलं मला तेवढंच खरं वाटतं. ती म्हणाली, "तुम्हाला वाटतं, तेच कपडे, तेच वाक्य, तीच सवय ठेवली की माणूस तोच राहतो. उलट आहे. जागा बदलली आणि तो तेच करत राहिला, तर तो दुसराच कुणीतरी होतो. तोच राहायचा असेल तर इथे त्याला वेगळं काहीतरी करावं लागेल. काय ते शोधा."

चौथ्या शनिवारी आपा बहिणीकडे गेल्या होत्या. तोरगीन आमच्याकडे पाठ करून वाट्या धूत होती. पाणी चालू ठेवूनच ती बोलली.

तिचे वडील, झेक्सेन, खाणीत पंपावर होते. पंचाण्णव साली खाण बंद पडली. त्या हिवाळ्यात इमारतींत उष्णता नव्हती, लोक पाचव्या मजल्यावरच्या घरांत लोखंडी शेगड्या बसवून त्यांची धुराडी खिडकीतून बाहेर काढत होते. झेक्सेन त्या शेगड्या बसवून द्यायचे. देणार कोण काय? चहा आणि नान. घरोघरी तेच हाल. तेव्हा ते बसायचे, नान मोडायचे, तुकडा ओठाला लावायचे, आशीर्वादाचे दोन शब्द बोलायचे. रीत पुरी झाली. घरची बाई चहा ओतायला वळली की तो तुकडा तिथल्याच पोरांच्या हातात जायचा. घरी येऊन सांगायचे, मी बाहेर जेवून आलोय. शहाण्णवच्या फेब्रुवारीत वारले. न्यूमोनिया, डॉक्टर म्हणाले. चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला मायकुदुक वस्तीतली एक बाई आली, तिने तोरगीनला कोपऱ्यात घेऊन सांगितलं, "पोरी, तुझ्या बापाने आमच्या घरी एक घास गिळला नाही गं. माझ्या लेकरांना दिला."

मेरुएर्तने वही उघडली होती. मी तिच्या गुडघ्यावर चापट मारली. तोरगीनने पाणी बंद केलं.

"आणि मी त्यांना काय बोलले होते माहितीय? डिसेंबरात. सोळा वर्षांची घोडी. ते दारातून आत आले, जेवून आलो म्हणाले. मी म्हटलं, 'तुमचं बरंय, तुम्ही घरोघरी पोट भरून येता. आम्ही इथे भिंती चाटतोय.' उचलली जीभ, लावली टाळ्याला. आणि ते हसले. म्हणाले, 'हो गं, आज तर मांस होतं. चरबीचं. वर कांदा घातलेला.'"

मला रडू आवरेना. तोरगीन रडली नाही. तिने हात पुसले आणि मेरुएर्तसमोर येऊन बसली. "नानचं घे. ते हाल्विनला शोभेल. बाबांनाही राग नाही यायचा. पण मी जे बोलले ते घ्यायचं नाही. कुठेही नाही. आणि आपाला यातलं काहीच ठाऊक नाही. तिला वाटतं ते बाहेर जेवायचे. तिचं म्हातारपण तेवढ्यावर चाललंय, ते तसंच चालू दे."

"ताते, माझ्या पोटात राहील," मेरुएर्त म्हणाली आणि तिच्या गळ्यात पडली. मी पाहिलंय हे. मी तिथे होते.

आउलातला हाल्विन त्या साइटवर असा गाजला की बस. कुठून कुठून बाया लिहायच्या, "हाच तो! नाव नसतं तरी ओळखला असता!" तोरगीन ते ऐकून लाजायची. तिचं नाव मेरुएर्त प्रत्येक गोष्टीखाली लिहायची, "तोरगीन तातेच्या काळ्या पेनासह." तेव्हा लिहायची.

दोन वर्षांपूर्वी एका प्रकाशकाने मेरुएर्तला बोलावलं. आउलातल्या गोष्टीची कादंबरी कर म्हणाले, फक्त हाल्विन नको, तो दुसऱ्यांच्या मालकीचा. म्हणजे इतकी वर्षं आम्ही घाम गाळला तो माणूस ओळखू यावा म्हणून, आणि आता त्यालाच ओळखू येणार नाही असं करायचं. मला वाटलं तोरगीन भडकेल. ती हसली. "कर ना. त्याच्यात हाल्विन आता उरलाय किती? पाव हिस्सा. बाकी माझा बापच आहे. बापाला तरी कुणाची परवानगी नको." मग दोघी बसून ठरवू लागल्या. आउलाऐवजी आटत चाललेल्या समुद्राकाठचं कोळ्यांचं गाव. गुरांच्या डॉक्टरऐवजी विहिरी खणणारा. नाव नियाज.

पहिली दहा प्रकरणं काळ्या पेनाखालून गेली. अकरावं आलं नाही. मेरुएर्त म्हणायची, ताते, संपादकाकडे आहे. ताते, छापायला गेलं. ताते, आता पुस्तकच बघा. अकरा वर्षांत पहिल्यांदा तिने तोरगीनला कागद दाखवले नाहीत. मला तेव्हाच वास यायला हवा होता. पण मी प्रकाशन-समारंभासाठी तिचा निळा ड्रेस शिवत होते, हाताने घडी घालून पाठीवर टाचण्या लावत होते, आणि मला फार अभिमान वाटत होता.

समारंभ नोव्हेंबरातल्या एका शनिवारी, सकाळी अकराला, शहरातल्या वाचनालयाच्या सभागृहात. मेरुएर्त स्वतः आपाला बोलवायला आली, डोक्याला बांधायचा नवा रुमाल घेऊन. आपा खूश. एका डोळ्यात मोतीबिंदू, गुडघे गेलेले, पण म्हणाल्या, "पोरीने अकरा वर्षं माझ्या हातचं खाल्लंय, मी नाही जायचं तर कोण जायचं?" जाताना मेरुएर्तने पुस्तक तोरगीनच्या हातात दिलं.

शुक्रवारी दुपारी तोरगीनचा मला दुकानात फोन आला. आवाज कामावरचा, सपाट. "बाग्दात, अकरावं प्रकरण उघड." मी उघडलं. नियाज घरी येतो. शेगडीपाशी बसलेली मुलगी मान वर न करता म्हणते, तुमचं बरंय, तुम्ही घरोघरी पोट भरून येता, आम्ही इथे भिंती चाटतोय. आणि नियाज हसून म्हणतो, आज तर मांस होतं.

शब्दाला शब्द. विश्वासाने मान द्यावी आणि केसाने गळा कापावा, ते असं. माझ्या हातातली कात्री मी गिऱ्हाइकासमोर भिंतीवर फेकली.

मी दुकान बंद करून तोरगीनकडे गेले. आपा आतल्या खोलीत झोपल्या होत्या. तोरगीनने मेरुएर्तला फोन लावला आणि मला ऐकू यावं म्हणून टेबलावर ठेवला.

"हे तू का घेतलंस?"

मेरुएर्त म्हणाली, "ताते, त्याशिवाय पुस्तक उभंच राहत नव्हतं. मी सगळं करून पाहिलं. तो चांगला माणूस वाटत होता, पण खरा वाटत नव्हता. तिने तसं बोलल्यावर तो हसतो ना, तेव्हा तो खरा होतो."

"ते मला माहीत आहे. मी तिथे होते."

"पण कुणाला कळणारे? नाव वेगळं, गाव वेगळं, धंदा वेगळा. तिथे समुद्र आहे, ताते! तुमच्या वडिलांनी समुद्र पाहिला तरी होता का?"

"अकरा वर्षं मी तुला काय शिकवलं गं?" तोरगीन म्हणाली. एवढं एकच वाक्य ती चढ्या आवाजात बोलली. मग पुन्हा सपाट. "छापलंस ते छापलंस. आपा काही वाचू शकत नाही. उद्या तेवढं पान तिथे वाचू नकोस. मी तिला आता थांबवू शकत नाही, ती रुमाल उशाशी घेऊन झोपलीय. दुसरं कुठलंही पान वाच."

"नाही वाचणार, ताते. आपाच्या नानची शपथ."

मी फोनवर वाकून दोन शब्द बोलले. ते इथे लिहिण्यासारखे नाहीत.

दुसऱ्या दिवशी सभागृह भरलेलं. पुढच्या रांगेत मान्यवर, फुलं, कॅमेरा. आम्ही तिसऱ्या रांगेत, आपा मधे. मेरुएर्त मंचावर, निळ्या ड्रेसमध्ये. भाषणं झाली. मग प्रकाशकाचा माणूस उठला आणि म्हणाला, आता आमच्या नाट्यगृहातील अभिनेत्री या कादंबरीतला सर्वांत हृदयस्पर्शी भाग सादर करतील. अकरावं प्रकरण.

मी मेरुएर्तकडे पाहिलं. तिने वाचायचं नाही अशी शपथ घेतली होती, आणि ती वाचतच नव्हती. तोरगीन अर्धी उठली होती. तिची आणि मेरुएर्तची नजरानजर झाली. मायक्रोफोन मेरुएर्तच्या हाताशी होता, वीतभर अंतरावर. नुसतं "दुसरं वाचा ना" म्हणाली असती तरी पुरलं असतं. तिने मान खाली घातली आणि मांडीवरच्या फुलांचा कागद नीट करायला लागली.

"आपा, चला, बाहेर चहा ठेवलाय," मी म्हणाले आणि त्यांचा दंड धरला.

"बस गं! ऐकू दे." त्यांनी माझा हात झटकला.

ती नटी चांगली होती, मेली. सगळं ऐकू आलं. विहीर, बर्फ, नानचा ओठाला लावलेला तुकडा, दुसऱ्याची पोरं. आपा रुमालाचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. मग मुलीचं ते वाक्य आलं. मग नटी नियाजसारखी हसली आणि म्हणाली, "हो गं, आज तर मांस होतं. चरबीचं. वर कांदा घातलेला." आपाचं बोट थांबलं. सभागृहात बायका नाकं पुसत होत्या. बाजारात चार दुकानांपलीकडे आवाज जातो माझा, आणि तिथे मी बसून राहिले, हे मी स्वतःला माफ केलेलं नाही.

नंतर मेरुएर्त खाली आली. डोळे लाल. सरळ आपाकडेच आली, तोरगीनकडे बघणं टाळून. "आपा, कसं वाटलं?"

"त्या बाईचा आवाज छान आहे," आपा म्हणाल्या. "आणि माणूस चांगला होता तो. तू कधी पाहिला नव्हतास ना त्याला?"

तेवढ्यात कॅमेरावाल्याने मेरुएर्तला हाक मारली, आणि ती गेली. गेली म्हणजे गेलीच. तेव्हापासून आमच्यातल्या कुणी तिला घरात घेतलेलं नाही. पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघालीय. शेवटच्या पानावर आभार आहेत, प्रकाशकाचे, शाळेचे, नवऱ्याचे.

त्या दिवशी समारंभानंतर मी दोघींना माझ्या गाडीतून घरी सोडत होते. आपा पुढे, तोरगीन मागे. बाजाराच्या चौकात तोरगीनने सुरुवात केली. "आपा, ती समुद्राकाठची गोष्ट आहे. मेरुएर्तने कल्पनेने..."

"गप्प बस. तुझा बाप होता तो."

"कशावरून?"

"नानचं मला ठाऊक नव्हतं, ते मी आज ऐकलं. पण खोटं बोलायला लागला की तो असाच. कुणी विचारलेलं नसताना चरबी सांगायचा, कांदा सांगायचा. खरं जेवून आलेला माणूस कांदा सांगतो होय?"

आपा समोर काचेकडे बघत होत्या. "तो गेल्यापासून एकोणतीस वर्षं एका छताखाली राहतो आपण. हे तू त्या पोरीला सांगितलंस. मला नाही."

"तुला कळू नये म्हणून, आपा. तुला वाटायचं ते जेवायचे..."

"कुणी सांगितलं, वाटायचं? त्याचा पट्टा कोण बांधायचं? त्या हिवाळ्यात सहा भोकं पाडली मी त्या पट्ट्याला. खिळा तापवून."

"तुला माहीत होतं?" तोरगीन पुढे वाकली. तिचा हात माझ्या सीटवर आला. "मी तसं बोलले तेव्हाही माहीत होतं?"

"दाराआड होते. राख भरत होते. ऐकलं सगळं."

"आणि तू मला बोलू दिलंस?"

सिग्नल लाल झाला. मी गाडी थांबवली. आपांनी डोक्यावरचा तो नवा रुमाल सोडला, घडी केली आणि मांडीवर ठेवला.

"तेव्हाच बाहेर येऊन सांगितलं असतं, तर तू त्या दिवसापासून घास उचलला असतास? नसतास उचलला. त्याचीच लेक तू. घरात दोघांपुरतं होतं. माणसं तीन होती. उपाशी कुणी उठायचं ते त्याने ठरवलं, आणि मी हो म्हटलं."

"तुम्ही दोघांनी मला विचारायचं होतंत," तोरगीन म्हणाली.

सिग्नल हिरवा झाला, मागचे हॉर्न वाजवायला लागले, एकाने खिडकीतून डोकं काढून माझी आई-बहीण काढली. एरवी मी सोडला नसता त्याला. तोरगीन मागून पुन्हा म्हणाली, तेवढंच, त्याच आवाजात, "मला विचारायचं होतंत."